वाल म्युश्टाइर : आपलं आपण ठरवणारं खोरं

२००७ साली स्वित्झर्लंडच्या पार पूर्वेच्या टोकाला असलेल्या एका डोंगरी खोऱ्यात शाळेतल्या मुलांच्या हातात नवी पुस्तकं पडली. पुस्तकं रोमान्श भाषेतली होती, आणि मुलांची मायबोलीही रोमान्शच. पण घरात, गोठ्यात आणि दुकानात बोलली जाते ती रोमान्श वेगळी, आणि या पुस्तकातली वेगळी. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच खोऱ्यातल्या लोकांनी मतदान केलं आणि शाळेत आपली जुनी लेखी रोमान्श परत आणली.

या एका गोष्टीमुळे मी वाल म्युश्टाइरच्या प्रेमात पडलो. चौदाशेच्या आसपास वस्ती असलेलं खोरं स्वतः एक निर्णय घेतं, तो चुकला असं वाटल्यावर स्वतःच मागे घेतं, आणि हे करायला त्याला राजधानीच्या दारात जाऊन बसावं लागत नाही. असं कसं होऊ शकतं, हे समजून घ्यायचं तर स्वित्झर्लंडमधलं गाव ही काय चीज आहे ते आधी समजून घ्यावं लागतं. बर्फाची शिखरं, चॉकलेट आणि घड्याळं या पलीकडचा हा देश आहे, आणि खरं सांगायचं तर तो जास्त रंजक आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. स्वित्झर्लंडचे २६ प्रांत आहेत, त्यांना कँटन म्हणतात. क्षेत्रफळानं त्यातला सर्वात मोठा ग्राउब्युन्डन, आग्नेयेला. या कँटनच्या पूर्व कडेला त्सेर्नेत्स नावाचं गाव आहे. तिथून रस्ता राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून चढत २,१४९ मीटर उंचीच्या पास दाल फुओर्न या घाटमाथ्यावर जातो. फुओर्न म्हणजे भट्टी. एके काळी या भागात लोखंड गाळायच्या भट्ट्या होत्या, त्यावरून घाटाला हे नाव पडलं. घाटमाथ्यावर उभं राहिलं की पाण्याची वाटणी होते. मागच्या उतारावरचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि पुढे काळ्या समुद्राला मिळतं. पुढच्या उतारावरचं पाणी रोम नावाच्या छोट्या नदीत उतरतं, इटलीत आदिजे नदीला मिळतं आणि एड्रियाटिक समुद्रात जातं. त्या पुढच्या उताराचं खोरं म्हणजे वाल म्युश्टाइर.

घाट उतरताना गावं अशी लागतात. पहिलं चिएर्व्ह, १,६६० मीटरवर. चिएर्व्ह म्हणजे सांबरासारखा मोठा शिंगांचा हरीण. मग फुल्देरा. त्याच्या वरच्या अंगाला, उन्हाच्या उतारावर १,९२० मीटरवर ल्यू, जिथं रात्री इतका दाट अंधार असतो की तारे पाहायला लोक मुद्दाम येतात. खाली वालचावा, मग सांता मारिया, आणि शेवटी १,२४७ मीटरवर म्युश्टाइर, ज्याच्या पुढे इटलीची हद्द सुरू होते. म्युश्टाइर हा शब्द लॅटिनमधल्या ‘मोनास्तेरियुम’वरून आला, म्हणजे मठ. वाल म्हणजे खोरं. तेव्हा वाल म्युश्टाइर म्हणजे सरळ सरळ ‘मठाचं खोरं’. सहा गावं आणि सुमारे १९९ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातलं बरंचसं जंगल, कुरणं आणि उघडे कडे. रेल्वे नाही. सांता मारियाजवळ एक रुग्णालय आहे, देशातल्या सर्वात लहान रुग्णालयांपैकी एक.

आता गाव म्हणजे काय ते पाहू. स्वित्झर्लंडमध्ये सत्तेचे तीन थर आहेत: संघराज्य, कँटन आणि गावसंस्था. जर्मनमध्ये तिला गेमाइन्डे म्हणतात, रोमान्शमध्ये कुम्युन. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीशी तिची तुलना करावीशी वाटते आणि ती काही अंशी बरोबरही आहे, पण एका ठिकाणी मोठा फरक पडतो. आपल्या ग्रामपंचायतीचा बराचसा पैसा वरून येतो, योजनेच्या नावानं येतो आणि कशावर खर्च करायचा ते बहुतेक वेळा लिहूनच येतो. स्विस गावसंस्था आपल्या रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतः कर लावते. तिथं प्राप्तिकर तिन्ही थरांना जातो, आणि गावाचा वाटा किती असावा हे गाव ठरवतं. शेजारशेजारच्या दोन गावांत कराचा दर वेगळा असू शकतो, आणि असतो.

ज्याच्या हातात पैसा, त्याच्या हातात बरंच काही असतं. प्राथमिक शाळा गाव चालवतं. पाणी, सांडपाणी, गावातले रस्ते, जंगलाची देखभाल, कुठं घर बांधता येईल आणि कुठं नाही याचा आराखडा, हे सगळं गावाकडे. अंदाजपत्रक गावसभेपुढे येतं, लोक प्रश्न विचारतात, हात वर करतात. मोठे प्रश्न मतपेटीत जातात. गावाच्या कारभारी मंडळात बसलेले लोक बहुधा पूर्णवेळ राजकारणी नसतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षिका, कोणी सुतार. दिवसाचं काम आटोपून संध्याकाळी बैठकीला येतात.

नागरिकत्वसुद्धा गावातून सुरू होतं. स्विस माणूस आधी एखाद्या गावाचा नागरिक असतो, त्यामुळे कँटनचा, आणि त्यामुळे देशाचा. त्याच्या पासपोर्टवर जन्मगाव छापत नाहीत, मूळगाव छापतात. ज्या गावात तो कधी राहिलाही नसेल, पण त्याचे आजे-पणजे जिथले, ते गाव. मराठी माणसाला हे चटकन कळावं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे आणि त्या गावाशी आता फक्त कुलदैवतापुरता संबंध उरलाय. स्वित्झर्लंडमध्ये मात्र हा संबंध नुसता भावनेचा नव्हता. पूर्वी माणूस कंगाल झाला, तर त्याला पोसायची जबाबदारी त्याच्या मूळगावावर असायची. त्यामुळे कोणाला आपला नागरिक म्हणून घ्यायचं याबद्दल गावं फार चोखंदळ होती. आजही परदेशी माणसाला स्विस नागरिकत्व हवं असेल तर सर्वसाधारणपणे देश आणि कँटन यांच्याबरोबर गावाचाही होकार लागतो.

ही गावकी या डोंगरात किती खोल रुजली आहे, ते कळायला पाचशे वर्षं मागे जावं लागेल.

ग्राउब्युन्डन तेव्हा स्वित्झर्लंडचा भाग नव्हता. तिथं तीन संघ होते, गावांनी आणि खोऱ्यांनी एकमेकांशी करार करून बनवलेले. त्यातला देवघराचा संघ १३६७ साली तयार झाला आणि वाल म्युश्टाइर त्यात होतं. शेजारी हाब्सबर्ग राजघराण्याचं ऑस्ट्रिया. १४९९ च्या मे महिन्यात या खोऱ्याच्या तोंडाशी, काल्वेन नावाच्या अरुंद जागी, तिन्ही संघांच्या फौजेनं हाब्सबर्ग राजा माक्सिमिलियनच्या सैन्याला हरवलं. ती जागा आज इटलीच्या हद्दीत आहे.

या संघांचा पाया होता गाव. १५२६ मध्ये, सगळ्या युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं भांडण पेटलं असताना, तिन्ही संघांनी इलान्त्स या गावी एक ठराव केला. त्याचा परिणाम असा झाला की कोणता धर्मगुरू ठेवायचा आणि कोणता पंथ पाळायचा, हे प्रत्येक गावच ठरवू लागलं. त्या काळात बहुतेक ठिकाणी राजाचा जो धर्म तोच प्रजेचा धर्म, असा दंडक होता. इथं मात्र शेतकरी जमले आणि त्यांनी मत दिलं. वाल म्युश्टाइरमध्ये सांता मारिया, वालचावा, फुल्देरा, चिएर्व्ह आणि ल्यू प्रोटेस्टंट झाले. म्युश्टाइर कॅथलिक राहिलं, कारण तिथं मठ होता आणि गावाचं सगळं जगणं मठाला बांधलेलं होतं. सांता मारिया आणि म्युश्टाइर यांच्यात पायी तासाभराचं अंतर आहे. त्या तासात एक पंथ संपून दुसरा सुरू व्हायचा. रीतीभाती, लग्नं, सणवार यांवर त्याची छाया पुढे कित्येक पिढ्या राहिली.

मठाबद्दल मात्र मला थांबून सांगायचंय, कारण हे खोरं ज्यानं जगाला माहीत झालं ते हेच.

सेंट जॉनचा मठ, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा मठ, इसवी सन ७७५ च्या सुमारास उभा राहिला. दंतकथा अशी की इटलीतल्या लोम्बार्डांचा पराभव करून परतणारा फ्रँकांचा राजा शार्लमेन, म्हणजे थोरला कार्ल, खोऱ्याजवळच्या उम्ब्राइलच्या खिंडीत बर्फाच्या वादळात सापडला. जीव वाचला तर मठ बांधीन असा त्यानं नवस केला. नवसाची गोष्ट खरी की खोटी, कोण सांगणार. पण काळ मात्र जुळतो. जुन्या बांधकामातल्या लाकडांच्या वाढीची वलयं मोजून ती झाडं कधी तोडली ते काढता येतं, आणि इथल्या लाकडांनी याच काळाकडे बोट दाखवलं. म्हणजे आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं ज्या शतकात कोरलं जात होतं, त्याच शतकात आल्प्सच्या या कोपऱ्यात दगडावर दगड चढत होता.

चर्चच्या आत भिंतींवर चित्रं आहेत. नवव्या शतकाच्या सुरुवातीची. त्या काळातली इतकी सगळी चित्रं एका जागी युरोपात दुसरीकडे कुठेच उरलेली नाहीत. भिंतभर पाच ओळींत, एखादी मोठी पोथी उलगडून लावावी तशी. वर दावीद राजाची गोष्ट, खाली ख्रिस्ताचं आयुष्य, त्याच्याही खाली शिष्यांच्या कथा, आणि पश्चिमेच्या भिंतीवर शेवटचा न्यायनिवाडा.

मग चारशे वर्षांनी, साधारण १२०० साली, कोणाला तरी वाटलं की चित्रं जुनी झाली. पूर्वेच्या अर्धगोल कोनाड्यांत जुन्या चित्रांवर नवा गिलावा चढवला गेला आणि त्या काळच्या ढंगात पुन्हा रंगवणी झाली. हेरोद राजाची मेजवानी, त्यात नाचणारी सालोमे आणि त्याच मेजवानीपायी गेलेलं योहानाचं शिर. रेषा आणखी ठळक आणि चेहरे आणखी बोलके. त्यानंतर पंधराव्या शतकाच्या शेवटी चर्चला कमानींचं नवं छत आलं, आणि पुढे भिंतींवर चुन्याचा हातही फिरला. चित्रं दिसेनाशी झाली. माणसं पिढ्यान्पिढ्या त्या पांढऱ्या भिंतींमध्ये प्रार्थना करत राहिली, आणि त्या चुन्याखाली काय आहे हे विसरून गेली.

१८९४ मध्ये योझेफ त्सेम्प आणि रोबर्ट डुरर या दोन कलाइतिहासकारांना चर्चच्या माळ्यावर, नव्या छताच्या वरच्या बाजूला, जुन्या चित्रांचा पट्टा दिसला. छत घालताना भिंतीचा तेवढा भाग वर राहून गेला होता. तिथं चुना पोचलाच नव्हता. म्हणजे ज्या छतानं चित्रं झाकली, त्यानंच एक तुकडा सांभाळून ठेवला. पुढे १९०८-०९ मध्ये माळ्यावरची काही चित्रं भिंतीवरून सोडवून झुरिचच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली. मनाला हे लागतं, कारण भिंतभर उलगडलेल्या त्या गोष्टीची पहिली ओळच आता दुसऱ्या शहरात आहे. उरलेल्या भिंतींवरचा चुना १९४७ ते १९५१ या काळात काळजीपूर्वक खरवडून काढला, तेव्हा पुरं चर्च बोलू लागलं. आज कोनाड्यांत काही ठिकाणी दोन्ही काळ शेजारी शेजारी दिसतात: वरचा गिलावा जिथं काढला तिथं नववं शतक, जिथं ठेवला तिथं बारावं-तेरावं.

भित्तिचित्र ओल्या चुन्यावर काढतात. गिलावा ओला असतो तोवर रंग त्यात मुरतो, आणि वाळताना चुना त्याला दगडासारखा धरून ठेवतो. म्हणून तर बाराशे वर्षांनंतरही ती तांबूस आणि करडी छटा टिकून आहे. १९८३ मध्ये युनेस्कोनं या मठाला जागतिक वारसा ठरवलं. स्वित्झर्लंडमधल्या पहिल्या तीन वारसास्थळांत तो आहे. दुसरी दोन म्हणजे बर्नचं जुनं शहर आणि सांक्ट गालेनचा मठ.

एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात उशिरा येते: मठ चालू आहे. बाराव्या शतकापासून इथं बेनेडिक्टाइन पंथाच्या भगिनी राहतात. आता संख्येनं मोजक्याच. दिवसाच्या ठरलेल्या वेळी प्रार्थना, बाकी वेळ काम. मठाचा दहाव्या शतकातला भक्कम मनोरा, ज्याला पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या आंजेलिना प्लांटा या मठाधिपतीणबाईंच्या घराण्याचं नाव आहे, तो आता संग्रहालय आहे.

मठातून बाहेर पडलं की खोऱ्यातल्या घरांकडे पाहावं. जाड भिंती, आत खोल गेलेल्या लहान खिडक्या आणि भिंतींवर नक्षी. ही नक्षी रंगवलेली नाही, खरवडलेली आहे. तिला स्ग्राफितो म्हणतात. आधी वाळूमिश्रित गडद गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो हात ओला असतानाच खिळ्यासारख्या हत्यारानं खरवडून खालचा गडद रंग उघडा करायचा. लाटा, फुलं, सूर्य, मासे, कधी एखादं वचन. एकदा खरवडलं की पुसता येत नाही, त्यामुळे हाताला खात्री लागते. घराचा दरवाजा कमानीचा आणि एवढा रुंद की गवताची गाडी सरळ आत जावी. खाली गुरं, मागे गवताची कोठी, आणि माणसं बसायची ती खोली जेम्बर नावाच्या डोंगरी पाइनच्या लाकडानं मढवलेली. त्या लाकडाला वर्षानुवर्षं वास राहतो. वालचावातल्या अशाच एका जुन्या घरात आता चासा याउरा नावाचं खोऱ्याचं संग्रहालय आहे.

याउरा हा शब्द आला आणि भाषेकडे परत जायची वेळ झाली.

रोमान्श ही लॅटिनपासून निघालेली भाषा. रोमन सैन्य आल्प्समध्ये आलं आणि त्यांचं लॅटिन डोंगरातल्या बोलींत मिसळलं, त्यातून ती झाली. आज ती मुख्य भाषा म्हणून बोलणारे चाळीस हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या अर्धा टक्का. तरी ती स्वित्झर्लंडची चौथी राष्ट्रभाषा आहे. हा दर्जा देण्यासाठी २० फेब्रुवारी १९३८ रोजी सगळ्या देशानं मतदान केलं, आणि सुमारे ९२ टक्के लोकांनी होकार दिला. त्यामागे एक ठोस कारण होतं. मुसोलिनीच्या इटलीतून म्हटलं जात होतं की रोमान्श ही इटालियनचीच एक बोली आहे, म्हणून हे खोरेही इटलीचे. जर्मन आणि फ्रेंच बोलणाऱ्या स्विस मतदारांनी त्याला मतपेटीतून उत्तर दिलं.

पण रोमान्श एक नाही. लिहिल्या जाणाऱ्या तिच्या पाच रूपांना पाच खोऱ्यांत घरं मिळाली. वाल म्युश्टाइरचे लोक लिहिताना वाल्लादेर वापरतात, जी शेजारच्या खालच्या एंगादिन खोऱ्याची. बोलताना मात्र त्यांची स्वतःची बोली, याउअर. नाव कसं पडलं? ‘मी’ला शेजारी ‘एउ’ म्हणतात आणि हे ‘याउ’ म्हणतात. म्हणून हे ‘याउअर’, ‘याउ’ म्हणणारे. आपल्या ‘मी’वरून आपलं नाव पडावं, यापेक्षा भाषेशी जवळचं नातं मला सांगता येणार नाही.

१९८२ मध्ये हाइनरिख श्मिड या भाषातज्ज्ञानं सगळ्या बोलींना जोडणारी एक समान लेखनभाषा घडवली, रुमान्च ग्रिश्चुन. विचार चांगला होता. पाच रूपांत पाच पाठ्यपुस्तकं, पाच शब्दकोश, हे इतक्या थोड्या लोकांना परवडत नाही. कँटनला ती शाळेत आणायची होती, आणि पहिल्यांदा पुढे आलेल्यांत वाल म्युश्टाइर होतं. त्यामागे धैर्य होतं, याबद्दल मला शंका नाही. पण मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पहिल्या दिवशी प्रमाण मराठीचं पुस्तक हाती आल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. इथं तर फरक असा की प्रमाण मराठी निदान कोणी तरी, कुठं तरी बोलतं. रुमान्च ग्रिश्चुन ही कोणाच्याच आजीची भाषा नव्हती. लोकांना भीती वाटली की मुलं ना धड याउअरची राहतील ना धड नव्या भाषेची, आणि मग जर्मनकडे वळतील. २०१२ च्या मतदानानं वाल्लादेर शाळेत परत आली. कँटनचे कायदे आणि सरकारी कागद रुमान्च ग्रिश्चुनमध्ये निघतात, ते तसेच राहिले.

जर्मनची भीती हवेतली नव्हती. खोरं जिथं संपतं, तिथून पुढचं इटलीतलं फिन्श्गाउ एके काळी रोमान्शच बोलायचं. सतराव्या-अठराव्या शतकात तिथल्या कॅथलिक धर्मसत्तेला रोमान्श ही प्रोटेस्टंट शेजाऱ्यांची भाषा वाटू लागली आणि जर्मनसाठी जोर लावला गेला. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. म्युश्टाइरचे लोक रोज त्या उदाहरणाच्या शेजारी राहतात.

भाषेचा निर्णय गाजत होता त्याच सुमारास आणखी एक मोठा निर्णय झाला होता. १ जानेवारी २००९ ला सहाही गावांच्या सहा गावसंस्था संपल्या आणि एकच झाली. ल्यूमध्ये तेव्हा साठ-पासष्ट माणसं होती. एवढ्या माणसांतून कारभारी मंडळ, हिशेब तपासणारे, शाळा समिती, सगळं उभं करायचं म्हणजे एकाच माणसाला तीन-तीन टोप्या. आणि पाणीपुरवठ्याचे नियम, बांधकामाचे कायदे, इमारतींचे मापदंड वर्षागणिक किचकट होत चालले होते. हे फक्त इथलं नाही. १९९० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये तीन हजारांच्या आसपास गावसंस्था होत्या, आता एकवीसशेच्या आसपास उरल्यात. आपल्याकडे ‘गट ग्रामपंचायत’ असते तशी ही रचना, फक्त इथं ती आदेशानं न होता गावांच्या मतांनी होते. गावाचं नाव, चर्च, कारंजं, बोधचिन्ह सगळं जागेवर राहतं. फक्त तिजोरी आणि सभा एक होते. तरी ज्या गावानं पाचशे वर्षांपूर्वी स्वतःचा पंथ स्वतः निवडला, त्यानं आपली सभा सोडणं सोपं नसणार. तिजोरीची बेरीज कागदावर होते, पण वेगवेगळ्या पंथांत वाढलेल्या गावांनी एकाच सभागृहात एकमेकांच्या शेजारी बसायचं असतं.

खोऱ्याचा पोटापाण्याचा धंदा मुख्यतः दूध, गवत आणि पाहुणे. बहुतेक शेतकरी सेंद्रिय शेती करतात. गुरं जूनमध्ये उंचावरच्या कुरणांवर जातात आणि सप्टेंबरात उतरतात. खालच्या शेतात तोवर हिवाळ्यासाठी गवत कापून वाळवायचं. हे गवत कापणं पाहायला सोपं, पण त्यामागेही एक हिशेब आहे. १९९६ साली स्विस मतदारांनी राज्यघटनेत शेतीचं नवं कलम घातलं. तेव्हापासून सरकार शेतकऱ्याला दुधाच्या लिटरवर कमी आणि डोंगराची काळजी घेण्यासाठी जास्त पैसे देतं. उतार जितका उभा, तितका मोबदला जास्त, कारण तिथं यंत्र चालत नाही. काही कुरणं अशी राखली की उंच डोंगरात जुलैच्या १ किंवा १५ तारखेआधी कापायचीच नाहीत, तर त्यासाठी वेगळा मोबदला. तोवर फुलांचं बी पडतं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उडून जातात. डोंगराच्या उतारावर माणसाने कोयता घेऊन गवत कापलं नाही, तर काही वर्षांत तिथं झुडपं आणि मग जंगल येतं, आणि त्या हिरव्या कुरणाची ओळखच पुसून जाते. ज्याला आपण ‘निसर्ग’ म्हणून फोटो काढतो, त्यातला बराचसा अशा कोयत्यांनी राखलेला आहे.

अगदी शेजारी, त्सेर्नेत्सहून पास दाल फुओर्नकडे चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, याच्या उलटा प्रयोग चाललाय. १ ऑगस्ट १९१४ ला स्थापन झालेलं स्विस राष्ट्रीय उद्यान, १७० चौरस किलोमीटर. तिथं माणसानं काहीच करायचं नाही. झाड पडलं तर पडू द्यायचं, वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, गवत कापायचं नाही. शतकभरात जंगलाचं स्वतःहून काय होतं, ते शास्त्रज्ञ मोजत आले आहेत. उद्यान आणि खोरं यांना मिळून युनेस्कोनं जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली. पुढे २०१७ मध्ये श्कुओल गावचा काही भाग जोडून ते पक्कं झालं. मध्ये अस्पर्शित जंगल, भोवती माणसांनी कसलेली जमीन, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळायचं.

या दोन्हींच्या सीमेवर २००५ साली एक पाहुणा आला. स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वल १९०४ मध्ये जवळच्याच श्कार्ल खोऱ्यात मारलं गेलं होतं. १०१ वर्षांनी इटलीकडून एक तरुण अस्वल घाटमाथ्याजवळ दिसलं. देशभरातून लोक दुर्बिणी घेऊन आले. मेंढ्या पाळणाऱ्यांच्या काळजात धस्स झालं, कारण मेंढीचं आणि अस्वलाचं नातं काही नव्यानं सांगायला नको. त्यानंतर मेंढपाळांना राखणीचे कुत्रे आणि विजेचं कुंपण शिकावं लागलं.

सांता मारियात मात्र मला सर्वात जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते तेसांदामध्ये. तेसांदा म्हणजे विणकामाची जागा. १९२८ साली सुरू झालेला हा हातमागाचा कारखाना, खोऱ्यातल्या बायकांना घर सोडून परगावी चाकरीला जावं लागू नये म्हणून. माग लाकडी, काही तर शंभरीच्या पुढचे. ताणा ताणून बसवलेला, फणीतून एकेक धागा ओवलेला. विणकर पायट्यावर पाय देते, ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात, मधल्या फटीतून धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो, आणि फणी पुढे ओढून ती तो धागा बसवते. पुन्हा दुसरा पायटा, पुन्हा धोटा. लिनन आणि लोकर. भांडी पुसायचं साधं कापडसुद्धा असं विणलेलं, की वीस वर्षं वापरून आणखी मऊ होतं. इथं हातमागाचं रीतसर व्यावसायिक शिक्षणही मिळतं, आणि तरुण मुली-मुलं ते घ्यायला येतात, हे मला सर्वात सुखावतं. कौशल्य संग्रहालयाच्या काचेत गेलं की ते संपलं समजावं; इथं ते पगारपत्रकावर आहे.

हिवाळा इथं लांब असतो, आणि तो जाताना त्याला गाजावाजा करून हाकलायचं असतं. १ मार्चला मुलं गळ्यात गाईंच्या गळ्यातल्या घंटा अडकवून गावभर फिरतात, कारंज्याला फेरी घालतात, गाणी म्हणतात. चालांदामार्त्स असं या सणाचं नाव, रोमनांच्या कॅलेंडरात मार्चचा पहिला दिवस, तेव्हा त्यांचं नवं वर्ष सुरू व्हायचं. घंटा जितकी मोठी, तितकी घेणाऱ्याची मान ताठ. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम येतो, आणि मग तीन आठवडे गावातले निम्मे गप्पांचे विषय हरणांचे असतात.

खोऱ्यानं मोठी माणसंही दिली. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला दारियो कोलोन्या इथलाच, सांता मारियात जन्मलेला. चिएर्व्हच्या बर्फावर पुढे जागतिक स्पर्धाही भरल्या. पण खोऱ्याची खरी काळजी मोठ्या माणसांची नाही, साध्या तरुणांची आहे. शाळा संपली की पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जावं लागतं, आणि सगळे परत येत नाहीत. एंगादिन आणि आसपासच्या खोऱ्यांत बाहेर गेलेल्यांना जुनं नाव आहे, ‘रांदुलिन’. रांदुलिना म्हणजे पाकोळी. थंडीत दूर जाणारी, उन्हाळ्यात घरट्याकडे येणारी. मुंबईला गेलेल्या कोकणातल्या माणसाला गणपतीत गाव दिसतं तसं.

इथं यायचं असेल तर झुरिचहून रेल्वेनं लान्डक्वार्ट, तिथून र्‍हेटियन रेल्वेनं डोंगराच्या बोगद्यातून त्सेर्नेत्स, आणि मग टपाल खात्याची पिवळी बस. साधारण तासाभरात ती जंगल, घाटमाथा, चिएर्व्ह, फुल्देरा, वालचावा, सांता मारिया असं करत म्युश्टाइरला येते. बसमधली दप्तरवाली मुलं याउअर बोलत असतात. मठाचा मनोरा उजव्या-डाव्या वळणावर दिसतो, बस थांबते, बरेच जण उतरतात. मग ती सीमा ओलांडून इटलीतल्या माल्सकडे निघते, आणि पुढच्या थांब्यावर चढणारे लोक ‘मी’ला जर्मनमध्ये ‘इख’ म्हणतात.